प्रवेशनिषेध आणि त्यावरील दाद : दोन जुनीं प्रकरणें

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या मित्रांस सनदा, महजर, निवाडपत्रें यांचें जितकें अगत्य वाटतें तितकें शाळेंतील अर्जांचें वाटत नाहीं, आणि तें स्वाभाविकच आहे. सनदेस शिक्का असतो, महजरास साक्षी असतात. शाळेच्या अर्जास असते ती एका बापाची वांकडी सही आणि कारकुनाचा दोन ओळींचा शेरा. गेल्या हिंवाळ्यांत पंचवटींतील एका घरचें दप्तर पाहावयास आम्हांस बोलावणें आलें होतें. रुमाल सोडतांना घरच्या तरुण यजमानांनीं वतनाचे कागद आमच्यापुढें ठेविले आणि शाळा-कॉलेजांच्या अर्जांचा एक जाड गठ्ठा बाजूस सारून, हें रद्दींत जाईल, असें सांगितलें. आम्हीं तो गठ्ठा मागून घेतला. त्यांतील कागद खाजगी असल्यामुळें त्यांविषयीं येथें लिहीत नाहीं. परंतु त्या निमित्तानें जो विचार मनांत आला तो लिहितों. प्रवेश नाकारला गेला असतां त्याविरुद्ध दाद कशी मागत, उत्तर कोणत्या रीतीनें येई, आणि असा कागद हातीं आला तर तो कसा वाचावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठीं जीं दोन प्रकरणें घेतलीं आहेत त्यांपैकीं एक आमच्या नाशिकांत जन्मलेल्या विदुषीचें आहे व दुसरें धारवाडच्या एका मुलाचें.

अशा प्रकरणाचें दप्तर पुरें असेल तर त्यांत मूळचा अर्ज असतो, त्याच्या पाठीवर शाळाधिकाऱ्याचा शेरा असतो, मग वरिष्ठांकडे केलेला दुसरा अर्ज आणि अखेरचा हुकूम. पुरें दप्तर क्वचितच मिळतें. अर्ज अर्जदाराच्या घरीं नकलेच्या रूपानें राहतो आणि हुकूम सरकारच्या दप्तरांत राहतो. त्यामुळें संग्राहकाच्या हातीं बहुधा प्रश्न तरी येतो किंवा उत्तर तरी. दोन्ही एकत्र आल्याशिवाय खरी गोष्ट कळत नाहीं, कारण अर्जदारानें विचारलें एक आणि उत्तर दिलें गेलें भलत्याच गोष्टीचें, असा प्रकार या कागदांत फार आढळतो. नाकारणाऱ्याचें कारण नियमांत आहे, कीं रूढींत आहे, कीं जागा नाहीं एवढेंच आहे, हें प्रथम पाहावें. शेवटलें कारण असेल तर बोलण्यासारखें फारसें नसतें. पहिलीं दोन असतील तर त्या कागदांत इतिहास आहे असें समजावें.

धारवाडचें प्रकरण आधीं घेतों, कारण तें काळानें आधींचें आहे. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें, आणि तेथील दाद पुणें-नाशिकच्या दादीप्रमाणें मुंबईच्याच दप्तरांत यावयाची. इ. स. १८५४ च्या जुलैंत विलायतेहून शिक्षणविषयक मोठा खलिता आला, त्याला अनुसरून १८५५ मध्यें इलाख्यांत विद्याखात्याच्या मुख्याधिकाऱ्याची जागा निर्माण झाली, आणि खात्यास एक वर्ष होतें न होतें तोंच जून १८५६ मध्यें सरकारकडे एक अर्ज दाखल झाला. धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास घेण्याचें नाकारलें होतें. तो घेतला जावा, एवढीच मागणी होती.

या अर्जावर मुंबई सरकारनें ता. २१ जुलै १८५६ रोजीं ठराव केला. हा ठराव आमच्या वाचकांनीं मुळांतून अवश्य वाचावा. त्यांत अर्जदारास खोटें पाडलेलें नाहीं. उलट, तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे यांत शंका नाहीं असें सरकार स्वच्छ लिहितें. मग पुढें म्हणतें कीं, युगानुयुगें चालत आलेल्या समजुतींत एका किंवा थोड्या व्यक्तींसाठीं एकाएकीं हात घातला तर शिक्षणाच्या कामाचेंच बहुधा मोठें नुकसान होईल. अर्जदार ज्या अडचणींत आहे ती या सरकारनें उत्पन्न केलेली नाहीं, आणि त्याच्या विनंतीप्रमाणें वागून ती तडकाफडकी दूर करणें सरकारास शक्य नाहीं. म्हणजे अर्धा ठराव अर्जदाराच्या वकिलानें लिहावा तसा आहे आणि उरलेला प्रतिपक्षाच्या. आम्हीं शाळेंत असतांना असे पुष्कळ शेरे वाचले, आणि कबूल केलें पाहिजे कीं, कांहीं लिहिलेही. "मागणी रास्त आहे, परंतु" या तीन-चार शब्दांनंतर जें येतें तोच हुकूम असतो.

येथें एक तारीख ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही मुलास सरकारी शाळेंत किंवा कॉलेजांत प्रवेश नाकारूं नये हें तत्त्व कंपनीच्या डायरेक्टरांनीं आपल्या ता. ५ मे १८५४ च्या पत्रांतच घालून दिलें होतें. म्हणजे धारवाडच्या मुलानें अर्ज केला त्याच्या दोन वर्षें आधींच त्याचा निकाल लागलेला होता! नवीन हक्क मागण्याचें त्यास कारणच नव्हतें. लंडनांत जो नियम लिहून ठेविला होता तो धारवाडच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचला नव्हता, इतकेंच. नियमाची तारीख आणि नकाराची तारीख शेजारीं ठेवून पाहण्याची संवय संग्राहकांनीं लावून घ्यावी असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

प्रकरण तेथें थांबलें नाहीं. हिंदुस्थान सरकारकडे तें गेलें, आणि ता. २३ जानेवारी १८५७ चें उत्तर आलें. तें मोठें मासलेवाईक आहे. मुंबई सरकारनें शहाणपणानेंच वागलें असणें फार संभवनीय आहे असें गव्हर्नर जनरलसाहेबांस वाटतें. मात्र बंगाल इलाख्यांतील कोणत्याही सरकारी शाळेंत या मुलास नाकारलें गेलें नसतें, एवढें कळविण्याची त्यांची आज्ञा आहे. यापेक्षां सभ्य शब्दांत कानउघाडणी आमच्या वाचनांत आलेली नाहीं. पुढें प्रकरण विलायतेस गेलें. मध्यंतरीं १८५७ चा प्रलय होऊन गेला, दिल्ली पडली, लखनौ पडलें, कंपनीच्या राज्याचे दिवस भरत आले, तरी लीडनहॉल स्ट्रीटवरील दप्तरांत हा कागद चालूच होता. ता. २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यांत डायरेक्टरांनीं लिहिलें कीं, सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांस खुल्या असाव्यात असाच आमचा हेतु आहे आणि या तत्त्वापासून आम्हांस ढळतां येत नाहीं.

अर्जदार जिंकला. जून १८५६ पासून एप्रिल १८५८ पर्यंत बावीस महिने होतात. ज्याला मुळाक्षरें शिकावयाचीं आहेत किंवा पहिलें पुस्तक वाचावयाचें आहे अशा मुलाच्या आयुष्यांत बावीस महिने म्हणजे काय, हें शाळामास्तरास सांगावें लागत नाहीं. आणि ज्याच्यासाठीं तीन सरकारांनीं लेखण्या झिजविल्या तो त्या ठरावांत "महार अर्जदार" एवढ्याच नांवानें येतो.

तत्त्व मिळाल्यावरही शब्दांचा झगडा संपला नाहीं. १८८२ च्या हंटर कमिशननें हेंच तत्त्व पुनः उचलून धरलें; पण उचलतांना त्यास दोन जोड दिले. एक असा कीं, जी संस्था सर्वस्वीं सार्वजनिक पैशावर चालते तिलाच तें लागू. आणि दुसरा असा कीं, तें योग्य त्या सावधगिरीनें लागू करावें. "सर्वस्वीं" आणि "सावधगिरीनें" हे दोन शब्द कोणत्याही खेड्यांतील शाळेस आपलें दार लोटून घेण्यास पुरेसे होते, हें सांगणें नको. जेथें गांवकऱ्यांनीं वर्गणी दिली आहे ती शाळा सर्वस्वीं सरकारी कशी? आणि सावधगिरीचें माप कोणाच्या हातांत?

आतां नाशिककडे वळूं. शहराच्या पश्चिमेस जो शरणपूर म्हणून भाग आहे, जेथून आज दिवसभर मोटारींची रांग चाललेली असते, तें मुळांत चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलेलें मिशनचें गांव. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें येथें आणून शिकविलीं जात, डॉ. लिव्हिंग्स्टन यांचें शव आफ्रिकेच्या अंतर्भागांतून किनाऱ्यावर आणण्यांत ज्यांचा हात होता त्यांत जेकब वेनराइट नांवाचा नाशिकच्या या शाळेंतील विद्यार्थी होता व तो १८७४ मध्यें शवाबरोबर इंग्लंडांत गेला, ही गोष्ट नाशिककरांपैकींही थोड्यांस ठाऊक आहे. याच सोसायटीच्या कामावर असलेले पारशी कुळांतील ख्रिस्ती गृहस्थ सोराबजी खरसेदजी यांच्या घरीं, नाशिक मुक्कामीं, ता. १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं कन्या झाली. आई फ्रान्सिना हिला लहानपणीं लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांनीं वाढविलें होतें. त्यांचेंच नांव मुलीस ठेविलें.

कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेली ती तेथील पहिली विद्यार्थिनी. हें कॉलेज म्हणजे पेशवाईंतील दक्षिणेच्या पैशांतून १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत काढलेल्या पाठशाळेचें वंशज, आणि ती पाठशाळा आरंभीं केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीं होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच कॉलेजांतील हस्तलिखितांचा संग्रह १९१८ मध्यें भांडारकर संस्थेंत गेला आणि आपणां सर्वांच्या उपयोगीं पडत आहे. तेथें ती बी. ए. च्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत, कॉलेजांत सर्वांच्या वर आली. जो असा वर येई त्यास विलायतेंत शिकण्याकरितां सरकारची शिष्यवृत्ति मिळण्याचा मार्ग मोकळा होई. तो तिला मिळाला नाहीं. गुण कमी होते असें नव्हे, वर्तनाविषयींही शब्द नव्हता. ती स्त्री होती.

मुंबई विद्यापीठाच्या १८५७ च्या कायद्याचें प्रास्ताविक उघडून पाहावें. सर्व वर्गांच्या व पंथांच्या प्रजाजनांस उत्तेजन मिळावें आणि विद्येंत प्रावीण्य मिळविलेल्या व्यक्ति कोणत्या हें परीक्षेनें ठरवावें, असा त्याचा हेतु सांगितलेला आहे. "व्यक्ति" या शब्दांत स्त्री येत नाहीं असें कोण म्हणेल? तरी १८८३ पर्यंत या विद्यापीठाच्या परीक्षांचें दार स्त्रियांस उघडलें नव्हतें. कलकत्त्यास तें १८७८ मध्यें उघडलें. पण त्यापूर्वीं दोन वर्षें चंद्रमुखी बसु या विद्यार्थिनीस प्रवेशपरीक्षेचीं उत्तरें लिहूं दिलीं आणि उत्तीर्णांच्या यादींत मात्र नांव घातलें नाहीं, असा चमत्कार होऊन गेला होता.

हा वाद आम्हां संस्कृत शिकलेल्या मंडळींस अपरिचित नाहीं. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत तोच आहे. ज्याला स्वर्गाची इच्छा आहे त्यानें यज्ञ करावा, या विधिवाक्यांतील "स्वर्गकाम" हा शब्द पुल्लिंगी आहे. तेव्हां यज्ञाचा अधिकार पुरुषासच, असें ऐतिशायन नांवाच्या आचार्याचें मत प्रथम मांडलें आहे. त्यावर बादरायणाचें मत सांगून सिद्धान्त केला आहे कीं, शब्दानें सांगितली आहे ती इच्छा करणाऱ्यांची जाति. लिंग तेथें विवक्षित नाहीं. स्वर्गाची इच्छा जशी पुरुषास तशी स्त्रीसही, म्हणून स्त्रीसही अधिकार आहे. यज्ञपात्र पुसावें असें एकवचनानें सांगितलें म्हणून एकच पात्र पुसावयाचें नसतें, सर्वच पुसावयाचीं, हा ग्रहैकत्वन्याय पाठशाळेंतील लहान विद्यार्थ्यासही येतो. लिंगाविषयींचा विचार त्याच जातीचा. विक्टोरिया राणीच्या कायदेपंडितांस मीमांसा ठाऊक नसावी. पण पुल्लिंगी शब्दांत स्त्रीचा समावेश होतो असा साधारण नियम त्यांनीं १८६८ च्या पहिल्या अधिनियमांत घातलाच होता. मात्र संदर्भाशीं विसंगत नसेल तर, अशी मेख त्यांत होती. या मेखेवरच १९१६ मध्यें कलकत्ता हायकोर्टाच्या पांच न्यायाधीशांनीं रेजिना गुहा यांचा वकिलीसाठीं केलेला अर्ज फेटाळला: शब्दार्थानें स्त्री येऊं शकेल, परंतु कायदा करणाऱ्यांच्या मनांत ती कधींच नव्हती. ऐतिशायनाचा पक्ष दोन हजार वर्षांनीं अशा रीतीनें जिंकला.

कॉर्नेलियाबाई गप्प बसल्या नाहींत. १८८८ मध्यें त्या अहमदाबादच्या गुजराथ कॉलेजांत शिकवीत होत्या, म्हणजे ज्या पुरुष विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ति मिळूं शकत होती त्यांस इंग्रजी वाङ्मय शिकविण्यास त्या पात्र होत्या! त्यांची तक्रार विलायतेंतील स्नेह्यांपर्यंत गेली, पार्लमेंटांत प्रश्न निघाला, आणि सरकारनें दिलें नाहीं तें लोकांच्या वर्गणींतून उभें राहिलें. वर्गणी देणाऱ्यांत मेरी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न हीं मंडळी होती. १८८९ मध्यें बाई ऑक्सफर्डास सॉमरव्हिल हॉलमध्यें दाखल झाल्या. येथें वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, दाद लागली असें म्हणतां येत नाहीं. शिष्यवृत्तीचा हक्क होता तो हक्क म्हणून नाकारलाच गेला. त्याच्या जागीं दया मिळाली. दयेनें काम भागतें हें खरें, परंतु पुढल्या अर्जदारास तिचा दाखला देतां येत नाहीं.

खरी दाद लागली ती तीन वर्षांनीं. बाईंनीं कायद्याचा अभ्यास केला आणि १८९२ मध्यें बी. सी. एल. या वरिष्ठ परीक्षेस बसण्याची वेळ आली, तों लंडनच्या परीक्षकानें स्त्रीची परीक्षा घेण्यास नकार दिला. बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनीं त्यांची बाजू घेतली. विद्यापीठाच्या सभेनें खास ठराव करून त्यांस पुरुषांबरोबर परीक्षेस बसूं दिलें, तें अगदीं परीक्षेच्या तोंडावर. ज्याची परीक्षा आहे त्यानें आदल्या दिवशीं पुस्तक वाचावें कीं ठरावाची वाट पाहावी? तिसऱ्या वर्गांत त्या उत्तीर्ण झाल्या. तिसऱ्या वर्गाबद्दल नाक मुरडणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ही गोष्ट हिशेबांत धरावी.

उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाहीं. ऑक्सफर्डनें स्त्रियांस पदव्या देण्याचें १९२० मध्यें ठरविलें आणि बाईंनीं आपली पदवी १९२२ मध्यें घेतली. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षें गेलीं. मधल्या काळांत त्यांनीं मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, अलाहाबादेस वकिलीची परीक्षा दिली, आणि सनद मात्र मिळाली नाहीं. ती अलाहाबादच्या हायकोर्टानें १९२१ मध्यें दिली. येथेंही मीमांसेचें स्मरण होतें. जैमिनीनें स्त्रीस अधिकार दिला खरा, परंतु तो पतीसह. दोघांचें कर्म एक, असें पुढल्याच अधिकरणांत सांगून टाकलें. दार उघडावयाचें आणि आंतील पाट मोजून ठेवावयाचे, ही रीत पूर्वपश्चिमेस सारखीच आहे. बाई १९५४ मध्यें लंडनास वारल्या. उत्तरायुष्यांत राष्ट्रीय चळवळीच्या विरुद्ध त्यांनीं जी बाजू घेतली ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पण अर्जाची योग्यता अर्जदाराच्या पुढील मतांवरून ठरवावयाची नसते.

जैमिनीचा तोच पाद आणखी थोडा पुढें वाचला तर धारवाडचा मुलगा भेटतो. स्त्रीचा अधिकार सिद्ध करून झाल्यावर शूद्राचा प्रश्न निघतो. वसंतांत ब्राह्मणानें, ग्रीष्मांत क्षत्रियानें, शरदांत वैश्यानें अग्नि ठेवावा, असें विधान आहे. चौथ्याचें नांव नाहीं. आत्रेय म्हणतो, नांव नाहीं म्हणून अधिकार नाहीं. बादरि नांवाचा आचार्य म्हणतो, तीं नांवें केवळ ऋतूचा नियम सांगण्यासाठीं आलीं आहेत, चौथ्यास वगळण्यासाठीं नव्हेत. इच्छा सर्वांस, म्हणून अधिकार सर्वांस. युक्तिवाद तोच, ज्याच्या बळावर स्त्रीस आंत घेतलें. तरी सिद्धान्त आत्रेयाच्या बाजूनें झाला. आम्हीं हा पाद अनेक विद्यार्थ्यांस शिकविला. पहिलें अधिकरण शिकवितांना उत्साह येई, आणि येथें आल्यावर वेळ संपल्याचें निमित्त करून पुस्तक मिटावेंसें वाटे. एका विद्यार्थ्यानें एकदां विचारलें होतें कीं, गुरुजी, बादरीचें काय चुकलें? त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अजून सुचलेलें नाहीं. पण बादरीचें मत, खोडलेलें का होईना, त्या सूत्रकारांनीं पूर्वपक्ष म्हणून जपून ठेविलें, म्हणून तें आज आपल्यापुढें आहे. हरलेल्या पक्षाचा कागद जपण्याची ही बुद्धि संग्राहकांनीं घेण्यासारखी आहे.

धारवाडचा कागद तरी कोणी जपला? सरकारी अहवालांत तो पडून होता. १९२८ मध्यें सायमन कमिशनपुढें बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें मुंबई इलाख्यांतील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयीं जें निवेदन डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं दिलें त्यांत त्यांनीं या अर्जाचे ठराव व उत्तरें तारखांसह उतरून काढलीं, आणि तेव्हांपासून तें प्रकरण लोकांच्या डोळ्यांपुढें राहिलें. हायस्कुलांत असतांना ज्यांस संस्कृत घेऊं दिलें नाहीं व नाइलाजानें पर्शियन घ्यावें लागलें, ते हे गृहस्थ. एका नाकारलेल्या विद्यार्थ्यानें सत्तर वर्षांपूर्वींच्या दुसऱ्या नाकारलेल्या विद्यार्थ्याचा कागद शोधून काढावा, आणि आपण इतिहाससंशोधक म्हणविणाऱ्यांस तो सांपडूं नये, याची आम्हांस खंत वाटते.

आतां एक गोष्ट आमच्या स्वतःच्या नोकरींतील. शाळेचें व गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही तेथें मुख्याध्यापक होतों. जूनमधील एके दिवशीं एक बाई आपल्या मुलीस पांचवींत घालण्यासाठीं आल्या. छापील नमुन्यावर "पालकाची सही" असें होतें, आणि त्या शाळेंत वडिलांचीच सही घेण्याचा प्रघात होता. वडील घर सोडून गेलेले. कारकुनानें अर्ज परत केला, बाई आमच्यापुढें आल्या, आम्हीं शेरा लिहिला, "प्रचलित पद्धतीप्रमाणें." चौथ्या दिवशीं त्यांचा दुसरा अर्ज आला. अक्षर बाळबोध, शुद्धलेखन कच्चें, पण मुद्दा पक्का होता: नियमांत "पालक" असें आहे, "पिता" असें नाहीं, मुलीला पाळतें कोण, तें शेजाऱ्यांस विचारावें. आम्हीं नियम काढून पाहिला. बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ज्या ऐतिशायनाचें खंडन आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों त्याच्याच पंक्तीला आम्ही स्वतः जाऊन बसलों होतों. "प्रवेश द्यावा" असा शेरा आम्हीं लिहिला, पण मधल्या सुटीच्या दिवसांसह आठ दिवस गेले होते आणि वर्ग भरला होता. मुलीस दुसऱ्या शाळेंत, दोन कोसांवर, जावें लागलें. ते दोन्ही अर्ज दोन्ही शेऱ्यांसह आम्हीं निवृत्त होतांना शाळेच्या दप्तरांत लावून आलों. आमच्यामागून कोणी तो रुमाल सोडील तेव्हां आमची सही त्यास दिसेल.

शब्दाचें हें महत्त्व आजही उरलेलें नाहीं असें समजूं नये. ता. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत असलेल्या भारताच्या संविधानांत २९ व्या अनुच्छेदाचें दुसरें कलम प्रवेशाविषयींच आहे. राज्यानें चालविलेल्या किंवा राज्याचें साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेंत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारतां येत नाहीं. हंटर कमिशनच्या "सर्वस्वीं" या शब्दाची वाट येथें लागली, कारण साहाय्य घेणारी संस्थाही आंत आली. "सावधगिरी" तर समूळ गेली. धारवाडच्या मुलाचें उत्तर इतक्या स्वच्छ शब्दांत येण्यास चौऱ्याण्णव वर्षें लागलीं. परंतु या यादींत "लिंग" हा शब्द नाहीं. तो १५ व्या अनुच्छेदांत आहे, येथें नाहीं. त्यामुळें मद्रासेकडील एका विद्यार्थिनीस मुलगी म्हणून कॉलेजांत घेतलें नाहीं तेव्हां ती हायकोर्टांत गेली, आणि तिचा दावा टिकला नाहीं. न्यायालयानें ज्या गोष्टींकडे बोट दाखविलें त्यांत या कलमांत लिंगाचा उल्लेख नाहीं ही एक होती. तो निकाल १९५४ च्या निवाडासंग्रहांत छापलेला आहे. नाशिकच्या मुलीस शब्दांत असून वगळलें, मद्रासेच्या मुलीस शब्दांत नसल्यामुळें.

आमच्या संग्राहक मित्रांस अखेरीस कांहीं व्यवहाराच्या सूचना करून हा लेख पुरा करितों. नाशिक, खानदेश व नगर या बाजूंच्या घरांत शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींचे शाळा-कॉलेजांचे अर्ज अद्याप बरेच आहेत. मोडींतील असतील तर ते बहुधा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले असतात. लेखकाचें हस्ताक्षर आणि खालची निशाणी किंवा सही यांचा भेद टिपून ठेवावा. अर्ज नक्कल असेल तर मूळ कोठें गेला याचा माग कागदाच्या वरच्या कोपऱ्यांतील आवक क्रमांकावरून लागतो. अर्जावरची तारीख, शेऱ्याची तारीख आणि शाळेचें वर्ष केव्हां सुरू झालें ती तारीख, या तिन्ही एकाखालीं एक लिहून काढाव्यात. नमुना छापील असेल तर त्यावरील शब्द, विशेषतः पालक, विद्यार्थी, अर्जदार हे, जसेच्या तसे उतरून घ्यावेत, आणि त्या वर्षाचा नियम मिळाल्यास शेजारीं लावावा. पुष्कळ वेळां खरा हुकूम पुढच्या बाजूस नसतोच. अर्ज उलटा करून पाठीवरचा शेरा वाचून घेतल्यावांचून कोणताही कागद परत रुमालांत बांधूं नये.